आपली माहिती, आपले मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी भोंगवली येथे केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी जरा रुक्ष विषय काढीत आहे. पण तो आपल्या घरातलाच आहे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली. कारण काय? तर त्यांनी आपले नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच लिहविले. नाव न सांगितल्याने हक्क बुडाला. आज गोष्ट उलटी झाली आहे. नाव, वय, अंगठा आपण सर्व देतो आणि ते कोठे जाते हे विचारीत नाही.

देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये आधार जोडलेल्या खात्यात आले. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा आला, हे चांगलेच झाले. त्यासाठी सरकारला माहिती लागणारच.

माझी हरकत निराळी आहे. एका कामासाठी दिलेली माहिती भलत्याच कामी जाते. फेसबुकवरील ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या निवडणुकीचा सल्ला देणाऱ्या कंपनीकडे गेली असावी, असे २०१८ साली फेसबुकनेच सांगितले. कोणाला कशाची भीती आहे हे कळले, की प्रत्येकीला वेगळी गोष्ट सांगता येते. चावडीवरचे भाषण सारा गाव ऐकतो; खोटे असेल तर कोणीतरी उठून विचारतो. मोबाईलवर एकटीच्या कानात सांगितलेले कोण तपासणार? शिवाय आपल्यावर कोणाची नजर आहे असे वाटले, की ग्रामसभेत बोलू पाहणारी बाईही गप्प बसते. लोकशाहीचे खरे नुकसान तेथे होते.

भगिनींनो, कायदा आपल्या पाठीशी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मत तर गुप्तच असते. ते नवऱ्यालासुद्धा सांगण्याचे बंधन नाही.

म्हणून कोणी माहिती मागितली तर तीन प्रश्न विचारा : तुम्ही कोण? कशासाठी हवी? दिली नाही तर माझे काय अडेल? एकटीला संकोच वाटला तर मंडळात या, आपण मिळून विचारू. पूर्वी नाव सांगायला धीर लागला. आता प्रश्न विचारायला लागतो.