ग्रंथाचा पहारा आणि ग्रंथाचा निवाडा



धर्मश्रद्धेवर बाहेरून आलेला घाला ओळखणे सोपे असते. विरोधक उघडपणे समोर उभा असतो. कठीण असते ते आपल्याच भाषेत, आपल्याच देवाचे नाव घेऊन घरात शिरलेले खोटे शिक्षण ओळखणे. ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न पहिल्या शतकापासून पडलेला आहे. तिचे उत्तर थोडक्यात असे की, शिकवण कोणाचीही असो, ती पवित्र शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावी. नव्या करारात बिरुया नगरच्या लोकांची हकीकत आहे. प्रत्यक्ष पौल त्यांना उपदेश करीत होता, तरी हा म्हणतो ते खरे आहे काय, हे ते रोज शास्त्र उघडून पाहत. त्याबद्दल ग्रंथकर्त्याने त्यांना उद्धट म्हटले नाही. थोर मनाचे म्हटले आहे.

आता ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागते, ते एका उदाहरणाने पाहू.

१९३३ साली जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली. त्याच वेळी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाचा पंथ जोरात होता. राष्ट्र, वंश आणि नेता यांच्या उदयात देवच बोलत आहे, असे त्याचे म्हणणे. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने यहुदी वंशाच्या पाळकांना दूर करण्याचा नियम केला. नोव्हेंबरात बर्लिनच्या क्रीडाभवनात हजारो लोकांपुढे राइनहोल्ड क्राउझे या पुढाऱ्याने जुना करारच टाकून द्यावा, पौलाची शिकवणही गाळावी, अशी मागणी केली. सभेने टाळ्या वाजविल्या!

श्रोते हो, ही मागणी नवी नव्हती. दुसऱ्या शतकात मार्किअन नावाच्या गृहस्थाने जुना करार पूर्णपणे नाकारला, आणि लूकचे शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे तेवढी, तीही काटछाट करून, ठेवली. मंडळीने त्याला दूर केले. मात्र त्याच्या निमित्ताने आपले ग्रंथ कोणते, हे तिला अधिक काटेकोरपणे ठरवावे लागले. खोट्या शिक्षणाची पहिली खूण येथे दिसते: त्याला संपूर्ण ग्रंथ परवडत नाही.

क्राउझेच्या भाषणाने पुष्कळांचे डोळे उघडले. मे १९३४ च्या अखेरीस बार्मेन येथे लूथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त अशा मंडळ्यांचे सुमारे १४० प्रतिनिधी जमले. एरवी ही मंडळी एकमेकांशी वाद घालणारी. त्यांनी जे जाहीर निवेदन स्वीकारले, त्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्ट यांचा. दुपारच्या जेवणानंतर लूथरन सहकारी वामकुक्षी घेत होते, तेव्हा कडक कॉफी आणि चिरूट यांच्या बळावर आपण तो लिहून काढला, असे बार्ट पुढे मिश्कीलपणे सांगत.

या निवेदनाची मांडणी पाहण्यासारखी आहे. त्यात सहा कलमे आहेत. प्रत्येकाच्या आरंभी शास्त्रवचन, मग त्यातून निघणारी श्रद्धा, आणि शेवटी त्या श्रद्धेला न जुळणाऱ्या शिकवणीचा स्पष्ट धिक्कार. पहिले कलम म्हणते की, शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द. त्याच्या शेजारी दुसरी कोणतीही घटना, सत्ता वा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळी मानणार नाही. हिटलरचे नाव नाही. पण ते कोणाला लागू होते, हे सर्वांना कळले.

येथे कोणी विचारील, “जर्मन ख्रिस्तीही वचनेच देत होते ना?” होय, देत होते. अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे, हे पौलाचे वचन त्यांच्या तोंडी सतत असे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतानही येशूला शास्त्रवचनच ऐकवितो, हे विसरून चालणार नाही. आणि येशू त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर देतो. बार्मेनच्या पाचव्या कलमानेही तेच केले. देवाला भ्यावे आणि राजाला मान द्यावा, असे पेत्राचे पत्र सांगते. मान राजाला, भय देवाचे. दोन्ही शब्द एकाच्याच पदरात टाकता येत नाहीत. न्याय आणि शांतता राखणे हे राज्याचे काम. साऱ्या मानवी जीवनाचे मालक होणे हे त्याचे काम नव्हे.

याची किंमत द्यावी लागली. १९३५ साली बार्ट यांची बॉन येथील प्राध्यापकी गेली. मार्टिन निमोलर १९३७ पासून १९४५ पर्यंत कैदेत राहिले. पाउल श्नायडर हे पाळक १९३९ साली बूखेनवाल्ड छावणीत मारले गेले.

तरीही या कथेचा उत्तरार्ध लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. बार्मेनच्या सहा कलमांत यहुद्यांच्या छळाविषयी एक शब्द नाही. तो प्रश्न आपण निकराने मांडायला हवा होता, अशी कबुली बार्ट यांनी १९६७ साली दिली. ज्यांनी ग्रंथ छातीशी धरून मंडळी राखली, त्यांनी त्याच ग्रंथातील शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा दाराबाहेरच्या शेजाऱ्यापर्यंत पुरती नेली नाही.

म्हणून मला वाटते, ग्रंथ पहारा देतो, पण तो केवळ इतरांवर नव्हे. ज्याला तो दुसऱ्याचे खोटे दाखविण्यासाठी हवा आहे, पण स्वतःवर निवाडा करण्यासाठी नको आहे, त्याच्या हातात तो नुसती काठी होतो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. साध्या वाचकाच्या हाती पुस्तक गेले म्हणजे त्याला उपदेशक पारखता येतो, आणि त्याची इच्छा असेल तर स्वतःलाही. आपणांपैकी अनेकांचे धर्मग्रंथ निराळे आहेत. परंतु ही दुसरी पारख टाळण्याची सोय कोणत्याच धर्मात नसावी.