खेळातील आकडा आणि कथेतील सत्य

ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत, त्यांच्या कानांवर एका विशिष्ट प्रकारचा वाद केव्हा ना केव्हा पडला असेल. व्हिडिओ गेममधील अमुक वीर तमुक दैत्याहून बलवान की दुर्बल, त्याच्या सामर्थ्याविषयी कथेत जे सांगितले आहे ते प्रमाण मानावयाचे की लढताना पडद्यावर उमटणारे आकडे प्रमाण मानावयाचे, आणि या दोन साक्षींत विसंगती आढळली तर निकाल कोणाच्या बाजूने द्यावयाचा, यावर ही मंडळी जेवणाचे भान विसरून तासन् तास भांडत असतात. कथेच्या बाजूला ते ‘लोर’ म्हणतात, नियमांच्या बाजूला ‘गेमप्ले’ म्हणतात, आणि दोहोंचे दाखले एखाद्या निष्णात वकिलाच्या तत्परतेने समोर ठेवतात. वडीलधाऱ्यांना हा कालापव्यय वाटतो. मला मात्र ते एका नव्या कलेचे रसग्रहण वाटते, आणि त्या रसग्रहणाची वाट आपणा सर्वांना खुली व्हावी, एवढ्यासाठीच आजचे हे भाषण आहे.

उदाहरणासाठी एकच कृती घेऊ. जपानमधील स्क्वेअर या कंपनीने 31 जानेवारी 1997 रोजी ‘फायनल फँटसी सेव्हन’ हा खेळ प्रसिद्ध केला. योशिनोरी कितासे त्याचे दिग्दर्शक, आणि नोबुओ उएमात्सु त्याचे संगीतकार. क्लाउड हा त्याचा नायक. एरिथ ही फुले विकणारी तरुणी त्याची सहप्रवासी. आणि सेफिरोथ हा एके काळी लोकांच्या आदरास पात्र असलेला योद्धा त्याचा प्रतिनायक. कथेच्या मध्यापूर्वीच, प्रार्थनेत मग्न असलेल्या एरिथचा सेफिरोथ आपल्या लांब तलवारीने वध करतो. आता याच खेळात ‘फिनिक्स डाउन’ नावाचे एक पीस दुकानात खेळातील चलनाप्रमाणे अवघ्या 300 गिलला मिळते, आणि लढाईत कोसळलेला सोबती त्याच्या स्पर्शाने तत्काळ उठून उभा राहतो. असे असता त्या प्रसंगी क्लाउडने ते पीस का वापरले नाही, ही फिर्याद चाहत्यांच्या दरबारात गेली कित्येक वर्षे दाखल आहे.

या फिर्यादीला उत्तर देण्यासाठी भरतमुनींच्या नाट्यशास्त्राकडे वळावे असे मला वाटते. भरतांनी नाट्याच्या दोन रीती सांगितल्या: लोकव्यवहाराचे अनुसरण करणारी ती लोकधर्मी, आणि रंगभूमीच्या संकेतांवर चालणारी ती नाट्यधर्मी. शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ऐकू न येणारे भाषण प्रेक्षकाला ऐकू येते, चार पावले चालून नट एका स्थानावरून दूरच्या दुसऱ्या स्थानी पोहोचतो, आणि आपण त्यावर आक्षेप घेत नाही, कारण तो संकेत आपण आधीच मान्य केलेला असतो. खेळातील लढाई ही अशीच नाट्यधर्मी वस्तू आहे. तिच्यातील कोसळणे म्हणजे लढण्यास असमर्थ होणे, आणि पिसाने उठणे म्हणजे पुन्हा समर्थ होणे. एरिथच्या मृत्यूची जात मुळातच निराळी. इतके समजले की फिर्यादीतील कायद्याचा मुद्दा संपतो.

मात्र सर्वच विसंगतींवर संकेताची ही मोहोर उठवून दफ्तर बंद करणे मला साफ अमान्य आहे, कारण काही ठिकाणी नियमच कथा सांगू लागतो, आणि ते ज्याला ऐकू येत नाही तो या कलेच्या गाभ्यालाच मुकतो. याचा सर्वोत्तम दाखला निबेलहाइम या गावाच्या प्रकरणात आहे. काम नावाच्या गावातील खानावळीत बसून क्लाउड आपल्या सोबत्यांना पाच वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो. शिनरा या सत्ताधारी कंपनीच्या ‘सोल्जर’ नामक निवडक दलात आपण पहिल्या श्रेणीचे योद्धे होतो आणि सेफिरोथच्या बरोबरीने निबेलहाइमच्या कामगिरीवर गेलो होतो, असे तो सांगतो. ही हकीकत आपण नुसती ऐकत नाही, खेळतोही. वाटेत लढाया होतात, आणि त्यांत सेफिरोथ आपल्या बाजूला उभा असतो. तो आपल्या हुकमाखाली नसतो. स्वतःच्या मर्जीने वार करतो. त्याची लेव्हल, म्हणजे बळाची पायरी, 50 असते, तर क्लाउड अगदी आरंभीच्या पायरीवर असतो. वाटेत येणाऱ्या अजगरसदृश महाकाय प्राण्याचा वार क्लाउडला आडवा करतो, आणि तोच वार सेफिरोथच्या अंगावर शून्य आकडा उमटवून विरून जातो.

खेळणाराला त्या क्षणी वाटते की प्रतिनायकाचा दरारा मनावर ठसविण्यासाठी ही योजना केली असावी, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. पण कथा पुढे सरकते, आणि बऱ्याच उशिरा असे उघड होते की क्लाउड त्या दलात कधीच नव्हता. पहिल्या श्रेणीचा तो योद्धा झॅक नावाचा दुसराच तरुण होता, आणि क्लाउड त्या कामगिरीवर एक साधा, चेहरा झाकलेला शिपाई म्हणून आला होता. झॅकचे आयुष्य स्वतःचे मानून तो ते, फसवण्याचा हेतू नसताना, इतरांना सांगत आला होता. आता मागे वळून त्या लढाया आठवाव्यात. पहिल्या श्रेणीचा म्हणविणारा योद्धा एका फटक्यात का कोसळत होता? निवेदकाची वाणी चुकत होती आणि हिशेबाची वही बरोबर होती. कादंबरीत अविश्वसनीय निवेदक आपण पाहिलेला आहे. परंतु निवेदकाच्या प्रत्येक वाक्याखाली त्याला खोडून काढणारा आकडा वाचकाच्याच हाताने लिहविला जावा, ही किमया कादंबरीला साधणारी नाही. निर्मात्यांनी हे सारे जाणूनबुजून योजिले असेल किंवा नसेल. माझ्या लेखी त्याने फरक पडत नाही, कारण कृतीत ते आहे.

केवळ आकड्यांवरून बळाची प्रतवारी लावू पाहणाऱ्यांचा मार्ग मात्र खडतर आहे. खेळाच्या अखेरीस सेफिरोथ जे देवतुल्य रूप घेतो, त्याची प्राणशक्ती, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत एचपी, मुळात 80,000 असते. समुद्रतळाशी फिरणाऱ्या एमरल्ड वेपन या अजस्र प्राण्याची 10 लाख! यावरून तो प्राणी सेफिरोथहून बारापट थोर ठरवावा काय? तो प्राणी तर पहिल्या जपानी आवृत्तीत नव्हताच. परदेशी आवृत्तीसाठी कसलेल्या खेळाडूंना आव्हान म्हणून तो मागाहून घातला गेला. शिवाय नायकांनी लेव्हलचे शिखर गाठले असेल तर सेफिरोथची प्राणशक्तीही त्या मानाने वाढविली जाते. ज्याचे बळ समोरच्याच्या बळावर ठरते, त्याचा स्वतंत्र आकडा सांगता येत नाही.

याच लढाईत सेफिरोथ ‘सुपर नोव्हा’ नावाचे अस्त्र सोडतो. जपानबाहेरच्या आवृत्तीत त्याचा देखावा जवळजवळ दोन मिनिटे चालतो: एक धूमकेतू प्लुटोचा चुराडा करतो, शनीची कडी भेदतो, गुरूला फोडतो, सूर्यात शिरतो, आणि सूर्य फुगून बुध व शुक्र गिळीत आपल्या अंगावर चालून येतो. एवढा प्रलय होऊन गेल्यावर हिशेब काय लागतो? प्रत्येक नायकाच्या उरलेल्या प्राणशक्तीचे 16 पैकी 15 भाग नाहीसे होतात. म्हणजे शिल्लक काही ना काही राहतेच. सूर्यमाला भस्म करणारे हे अस्त्र एकाही माणसाचा जीव घेऊ शकत नाही, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा तसेच सोडले जाते. मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला. विधी आज्ञा करतो. अर्थवाद स्तुती किंवा निंदा करून मनात आदर अथवा भय उत्पन्न करतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये असा दंडक आहे. सुपर नोव्हाचा देखावा हा अर्थवाद आहे. सेफिरोथ ग्रह फोडू शकतो याचा तो दस्तऐवज नसून, त्याच्यासमोर उभे राहताना काय वाटले पाहिजे याचे ते स्तोत्र आहे.

आता एरिथच्या मृत्यूकडे पुन्हा यावे, कारण कायद्याचा मुद्दा संपला तरी त्या प्रसंगाचे मर्म अजून हाती आलेले नाही. खेळणाराने तोवर तिच्यावर श्रम खर्चिलेले असतात. तिच्या लेव्हल वाढविलेल्या असतात, आणि मोठ्या चिकाटीने खेळणाराने तिची अंतिम विद्या, सर्व सोबत्यांना काही काळ अभेद्य करणारी ‘ग्रेट गॉस्पेल’, तिच्यासाठी मिळविलेलीही असते. ती गेल्यावर तिच्याकडे ठेवलेले मटेरिया, म्हणजे मंत्रशक्तीचे खडे, आपल्या साठ्यात परत जमा होतात, आणि पथकात तिची जागा रिकामी राहते. दुःख येथे जमाखर्चाच्या भाषेत येते, आणि ते खेळणाराचे स्वतःचे असते, कारण गेलेले श्रम त्याचे आहेत. त्या वधानंतर लगेच जेनोव्हा नावाच्या दैत्याच्या एका रूपाशी लढाई जुंपते. प्रत्येक मोठ्या लढाईला रणसंगीत सुरू व्हावे हा खेळाचा कायदा. येथे तो मोडला जातो. उएमात्सुंनी एरिथसाठी रचलेली धून, जी वधाच्या प्रसंगी सुरू झाली, ती लढाईभर तशीच वाजत राहते, आणि आपण हल्ला, बचाव, औषध यांचे हुकूम त्या सुरांखाली देत राहतो. श्रोतेहो, संधी मिळाली तर हा प्रसंग डोळे मिटून, केवळ कानांनी अनुभवावा, अशी माझी शिफारस आहे.

आणि शेवटचे द्वंद्व पाहावे. देवतुल्य सेफिरोथ पडल्यावर क्लाउड आपल्या अंतर्मनात ओढला जातो, आणि तेथे मानवी रूपातील सेफिरोथ एकटा उभा असतो. क्लाउडची सर्वश्रेष्ठ विद्या, ‘ऑम्निस्लॅश’, एरवी गोल्ड सॉसर या करमणूकनगरीतील रिंगणात कष्टाने गुण साठवून मिळवावी लागते. येथे ती प्रत्येकाला मिळते, ज्याने ती कधीच कमावली नाही त्यालासुद्धा, आणि ती वापरण्यासाठी लागणारी पट्टी आपोआप भरत जाते. बळाची तुलना करणाऱ्यांना ही लढाई निरर्थक वाटते, कारण तीत हरणे जवळजवळ अशक्य आहे. पण निबेलहाइमच्या डोंगरात ज्याच्या शेजारी हा तरुण एका फटक्यात कोसळत होता, तोच पुरुष येथे समोर आहे, आणि झॅकचे उसने आयुष्य बाजूला ठेवून क्लाउड प्रथमच स्वतःच्या नावाने त्याच्याशी लढतो आहे. कथेने हे आपल्याला शब्दांत आधी सांगितलेले असते, आणि आता ती पट्टी भरताना खेळाचा नियम तेच मान्य करतो.