दागिस्तानचा खबीब

मिश्र मार्शल आर्ट्समध्ये ठोसे आणि लाथा दोन्ही चालतात. पण रशियातल्या दागिस्तानच्या खबीब नूरमागोमेदोव्हने तिथे राज्य केलं ते पकडीच्या जोरावर. 1988 साली सिल्दी या डोंगरी गावात त्याचा जन्म झाला. वडील अब्दुलमनाप हेच त्याचे वस्ताद. कुस्ती, ज्यूदो आणि सांबो ही त्याची तालीम.

त्याची रीत आपल्या मातीतल्या पैलवानालाही लगेच उमगावी. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाच्या जाळीपर्यंत रेटायचं, पट काढून खाली पाडायचं, आपल्या पायांनी त्याचे पाय जखडायचे, त्याचं एक मनगट पाठीमागे धरून ठेवायचं आणि मोकळ्या हाताने ठोसे लगावायचे. 2013 मध्ये एबेल ट्रुहियोला तर त्याने एकाच लढतीत 21 वेळा पाडलं! उभ्याने ठोसेबाजी त्याची तितकी देखणी नव्हती. पण तिच्यावाचून त्याचं फारसं अडलंही नाही.

2018 मध्ये तो युएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेच्या 70 किलो गटाचा विजेता झाला. त्याच वर्षी त्याने कॉनर मॅकग्रेगरला चौथ्या फेरीत शरण आणलं. त्यानंतर जाळीवरून उडी मारून घातलेला गोंधळ मात्र त्याला शोभला नाही. जुलै 2020 मध्ये वडील गेले. ऑक्टोबरमध्ये जस्टिन गेजीला हरवून त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या नावावर होत्या 29 लढती आणि 29 विजय.