आठवण गेली तर माणूस उरतो का?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्यावे.

मध्यंतरी मुलाने एक हकिकत वाचून दाखविली. अमेरिकेत जेम्स बेडफर्ड नावाचे प्राध्यापक होते. १२ जानेवारी १९६७ रोजी ते कर्करोगाने वारले. पुढेमागे औषध निघेल नि त्यांना उठविता येईल, या आशेने त्यांचा देह गोठवून ठेवला. तो आजही ॲरिझोना राज्यात द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहे. थंडी उणे १९६ अंश! असे ठेवलेले एकही माणूस अद्याप उठलेले नाही.

मी विचारले, "उठलेच, तर त्यांना स्वतःचे नाव तरी आठवेल का रे?"

मुलगा म्हणाला, "आई, खरा प्रश्न तोच आहे." आठवणी मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांत असतात म्हणे. २०१५ साली गोठवून पुन्हा जिवंत केलेल्या बारीक कृमींना आधी शिकविलेला वास आठवला. पण त्या कृमीच्या मज्जापेशी ३०२, आणि आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी! शिवाय बर्फ झाला की पेशी फाटतात. बर्फाच्या कप्प्यात राहिलेला टोमॅटो कसा लिबलिबीत होतो, ते आपण पाहतोच. म्हणून आता बर्फ होऊ न देणारी द्रव्ये देहात भरतात. तरी आठवणी टिकतात की नाही, हे माणसाच्या बाबतीत कुणी पाहिलेले नाही.

मला आमच्या सासूबाई आठवल्या. शेवटची चार वर्षे त्या सगळे विसरल्या. मला विचारीत, "तू कुणाची गं?" एकदा मी चिडून म्हटले, "रोज रोज काय सांगायचे?" त्या एवढेसे तोंड करून बसल्या. ते तोंड मला अजून दिसते. पण पुढ्यात पोळपाट आणि पापडाची लाटी ठेवली की हात भराभर चालत, आणि माझ्या पापडाकडे बघून म्हणत, "काठ जाड राहिले!" त्या सासूबाईच होत्या. त्यांचे जे हरवले होते, ते आम्ही घरच्यांनी जपले होते.

म्हणून मला वाटते, माणूस निम्मा त्याच्या डोक्यात असतो आणि निम्मा त्याला ओळखणाऱ्यांत. डोके गोठविता येईल. पण दोनशे वर्षांनी उठणाऱ्याला नावाने हाक कोण मारणार?

भगिनींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने तोच प्रश्न दहांदा विचारला, तर अकराव्यांदाही नीट उत्तर द्या. मला ते उशिरा कळले.