मोठ्या पन्ह्याचा कागद

घर बांधावयाचें ठरलें म्हणजे विटा-सिमेंटाच्या आधीं घरांत कागद येतो. वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरींतून आलेला तो लांबरुंद नकाशा टेबलावर पसरतांच सारें कुटुंब त्याभोंवतीं जमतें. स्वयंपाकघर कोठें, देवघर कोणत्या दिशेस, याची चर्चा रंगते. परंतु तो कागद ज्या यंत्रांतून बाहेर पडला, तें यंत्र त्या दिवशीं नीट चाललें होतें कीं नाहीं, हें क्वचितच कोणी विचारतो.

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं निळ्या छपाईची रीत शोधून काढली आणि पुढें पुष्कळ वर्षें इमारतींचे नकाशे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनीं उमटत राहिले. त्यामागून अमोनियाच्या वाफेवर निघणाऱ्या प्रती आल्या. आज त्यांची जागा, कचेऱ्यांतून ‘प्लॉटर’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मुद्रणयंत्रानें घेतली आहे. त्यांत सुटे कागद न घालतां बहुधा २४ किंवा ३६ इंच पन्ह्याची गुंडाळी चढवितात. ए-झीरो आकाराचा कागद ८४१ मिलिमीटर रुंद व १,१८९ मिलिमीटर लांब, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर क्षेत्राचा असतो. लहान कागदावर जो दोष खपून जातो, तो येथें उघडा पडतो. तेव्हां यंत्र बिघडलें म्हणून कारागिरास बोलावण्यापूर्वीं बाहेर आलेला कागदच नीट वाचावा. दोष कोठला हें बहुतेक वेळां तोच सांगतो.

पहिला दोष तिरकेपणाचा. मीटरमागें ५ मिलिमीटर कागद वांकडा चालला, तर नेहमीच्या ए-फोर कागदाच्या लांबींत जेमतेम दीड मिलिमीटर फरक पडतो. ए-झीरोवर मात्र तो ६ मिलिमीटरांच्या घरांत जातो. याचें कारण बहुधा एवढेंच असतें कीं, गुंडाळी दांड्यावर सैल गुंडाळलेली असते, किंवा तिच्या टोंकाची चकती घट्ट सारलेली नसते. गुंडाळी काढावी, कड सरळ कापावी आणि ती पुन्हां बसवावी. कागद हातानें ओढून सरळ करूं जाणाऱ्याच्या पदरीं सुरकुत्याच येतात.

दुसरा दोष रेघांचा. शाईचे थेंब सोडणारें डोकें कागदावरून आडवें धांवतें आणि दर फेरीनंतर कागद एकेक पाऊल पुढें सरकतो. छापलेल्या भागांत आडव्या फिकट रेघा दिसल्या, तर शाईचीं सूक्ष्म छिद्रें बुजलेलीं असतात किंवा कागदाचें पाऊल चुकत असतें. याचा निवाडा यंत्र स्वतःच एक परीक्षापत्र छापून देतें. त्यावरील नमुना तुटक असेल, तर छिद्रें साफ करावींत. अखंड असेल, तर साफसफाईनें शाई तेवढी वायां जाते. पाऊल लांब पडलें कीं मध्यें फिकट फट राहते; आंखूड पडलें कीं रंगावर रंग चढून गडद रेघ उठते. अशा वेळीं, यंत्रास सांगितलेला कागदाचा प्रकार आणि चढविलेला कागद एकच आहेत ना, हें आधीं पाहावें व मग पाऊल जुळवून घ्यावें.

तिसरा दोष दमटपणाचा. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत कागद हवेंतील ओल शोषतो. त्याचे तंतू लांबीपेक्षां जाडींत अधिक फुगतात. कागदास लाटा येतात, त्या वर उचलल्या जाऊन डोक्यास घांसतात आणि शाई फासली जाते. उरलेली गुंडाळी पिशवींत बंद ठेवावी; छापण्यापूर्वीं कांहीं तास ती यंत्राच्याच खोलींत राहूं द्यावी; आणि भरगच्च रंगाचें चित्र पातळ कागदावर काढूं नये.

हे तीन्ही दोष डोळ्यांस दिसतात. चौथा दिसत नाहीं, म्हणून तो अधिक घातक होय. संगणकावर छपाईच्या वेळीं ‘पानांत बसवा’ हा पर्याय निवडलेला असला, तर सारें चित्र गुपचूप आकसतें. एकास पन्नास प्रमाणाच्या नकाशांत तीन मीटरांचा ओटा ६० मिलिमीटर असावयास हवा. चित्र शेंकडा तीन आकसलें, तर तो ५८.२ मिलिमीटर उतरतो. त्यावर पट्टी ठेवून दगड कापविणाऱ्यास ओटा २.९१ मीटरांचा वाटतो, आणि दगड ९ सेंटिमीटर आंखूड येतो. कापलेला दगड वाढवितां येत नाहीं.

याची परीक्षा सोपी आहे. एक ५०० मिलिमीटरांची रेघ कागदाच्या लांबींत व एक रुंदींत छापावी आणि पोलादी पट्टीनें मोजावी. दोन्ही सारख्याच प्रमाणांत आंखूड आल्या, तर दोष छपाईच्या पर्यायाचा. केवळ लांबींतील आंखूड आली, तर दोष कागदाच्या पावलाचा.

यंत्राची देखभाल कचेरीनें करावी. पण घराच्या मालकासहि एक गोष्ट मागतां येईल. नकाशाच्या कोंपऱ्यांत छापील मापपट्टी असावी, कारण चित्र आकसलें कीं तीहि त्याबरोबर आकसते आणि खोटें माप तत्काळ उघडकीस येतें. शिवाय नकाशावर लिहिलेला आंकडा हाच प्रमाण मानावा. पट्टीनें घेतलेलें माप त्याच्याशीं जुळलें नाहीं, तर दगड कापण्यापूर्वीं कचेरींत विचारावें.