करवीरनगरीत आपलं स्वागत



मक्याच्या जनुकांवरची परिषद कोल्हापुरात भरते आहे, याचा आम्हा गावकऱ्यांना फार आनंद आहे. ‘राजर्षी’, ‘करवीर’, ‘पंचगंगा’ ही मक्याच्या वाणांची नावं तुमच्या रोजच्या बोलण्यातली. ती आमच्या राजाची, गावाची आणि नदीची आहेत. तुम्ही इथे परके नाहीच.

शाहू महाराजांचं राधानगरी धरण, १८५० पासून वाचकांना पोसणारं करवीर नगर वाचन मंदिर, सांगावं तेवढं थोडंच. पण कोल्हापूरला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी एक नाव सांगतोच : आनंदराव पेंटर. बाबूराव पेंटर सर्वांना ठाऊक आहेत. या दोघा बंधूंनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता स्वदेशी सिनेमाचं स्वप्न पाहिलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी मागे न हटता कॅमेरा इथेच, कोल्हापुरात घडवला. १९२० साली ‘सैरंध्री’ आला, १९२५ साली कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याचा ‘सावकारी पाश’. आनंदरावांना त्यातलं काहीच पाहता आलं नाही. त्यांची आठवण निघाली की आजही माझा गळा दाटतो.

परिषदेच्या चिटणीसांनी मला समजावलं, की मक्याच्या मुळात, पानात, तुऱ्यात, कणसात तीच बत्तीस हजारांच्या आसपास जनुकं असतात. कुठलं कधी जागं होतं, यावर सगळं ठरतं. २०११ साली अमेरिकेत मक्याच्या ६० ऊतींमधल्या जनुक-अभिव्यक्तीचा नकाशाच तयार झाला. ऐकताना मला बाबूरावांची फीत आठवली. एकेक चौकट पुढे सरकते आणि रोप वाढताना दिसतं.

आता क्षमायाचना. काहींना एका खोलीत तिघं राहावं लागतंय. काल रात्री स्टेशनवर गाडी उशिरा पोहोचली, वडीलधाऱ्या पाहुण्यांना ताटकळावं लागलं. त्याची जबाबदारी माझी. तांबडा रस्सा सोसत नसेल त्यांच्यासाठी पांढरा आहे, शाकाहाऱ्यांची पंगत वेगळी आहे. मागच्या रांगांना आवाज पोहोचत नसेल तर हात वर करा.

गूळ पाठवणारे शाहूपुरीतले व्यापारी, दूध देणारे गवळी बांधव, मंडपवाले, मक्याच्या वड्या करणाऱ्या बचत गटाच्या ताई, नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, सर्वांचे हात जोडून आभार मानतो.

उद्या सकाळी साडेसहाला मक्याच्या प्लॉटकडे गाड्या निघतील. चहा सहालाच तयार असेल. या, आपलं मनःपूर्वक स्वागत.