‘आजन्म’ तेल आणि मजुरीचे मोल



या व्यासपीठावर वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सर्व विषय होऊन गेले आहेत. कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनसवर बोलणार असा आपला समज असेल. परंतु आज मी जुन्या ऑटोमॅटिक मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेल घरच्या घरी कसे बदलावे, याविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यात श्रमाच्या किमतीचा प्रश्न दडलेला आहे, तो शेवटी आपल्या ध्यानात येईल.

प्रथम हे तेल करते काय ते पाहू. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले की झाली आपल्या यंत्राची मूळ कल्पना. हेरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स बसविला आणि क्लचचे पेडल नाहीसे झाले.

पेडल नाहीसे झाले, काम नाहीसे झाले नाही! पायाचे काम तेलाच्या माथी आले. एंजिनची शक्ती पुढे पोचविणे, दाबाने आतल्या क्लचप्लेटा आवळणे, दात्यांना वंगण देणे आणि उष्णता बाहेर वाहून नेणे, अशी चार कामे एकच तेल करते. साध्या गिअरबॉक्समधले तेल मुख्यतः वंगणाचे काम करते. चार पाळ्या करणारा हा कामगार लवकर थकेल की नाही? उष्णतेने ते करपते, प्लेटांची झीज त्यात मिसळते. नवे असताना बहुधा लालभडक असते. थकले की तपकिरी होते, आणि प्लेटा जळाल्या असतील तर करपट वास मारते.

आता खरी गोम ऐका. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते की हे तेल आजन्म आहे, बदलण्याची गरज नाही. पण झेड. एफ. ही जर्मन कंपनी, जी असे गिअरबॉक्स स्वतः बनवून अनेक मोटार कारखान्यांना पुरविते, ती काय सांगते? वापर कसा आहे ते पाहून ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलावे. म्हणजे ज्याने पेटी बनविली तो बदला म्हणतो, आणि ती पेटी बसवून गाडी विकणारा कित्येकदा आजन्म म्हणतो! मग हा जन्म कोणाचा? मला वाटते, वॉरंटीचा. पहिला मालक गाडी विकून मोकळा होतो. दुसरा, तिसरा मालक बहुधा बेताच्या मिळकतीचा असतो, आणि गिअरबॉक्स बसला की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. न केलेल्या देखभालीचे बिल नेहमी शेवटच्या माणसाच्या हातात पडते. कारखान्यातही हेच पाहावयास मिळते.

तर हे काम करावे कसे? आधी आपली पेटी कोणत्या जातीची ते ओळखा. २०१४ पासून आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आलेली ए.एम.टी. ही मुळात साधीच पेटी. तिला हे तेल चालत नाही. सी.व्ही.टी.चे तेल निराळे. पुस्तिकेत ज्या प्रतीचे नाव आहे तीच प्रत आणा. नुसता लाल रंग जुळून भागत नाही. ज्या गाडीला तेल मोजण्याची दांडी नाही, तिची पातळी ठराविक तापमानालाच पाहावी लागते. ते काम घरी करण्याच्या भरीस पडू नका.

गाडी थोडी फिरवून आणा. तेल कोमट हवे, कढत नको. सपाट जमिनीवर चाकांना गुटके लावा आणि गाडी घोड्यांवर टेकवा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. तेलाची बचत शे-दोनशेची, आणि डोक्यावर वजन टनाचे!

पेटीत तेल भरण्याचा निराळा बोल्ट असेल तर तो आधी सैल होतो की नाही ते पाहा, मगच खालचा नट काढा. सगळे तेल वाहून गेल्यावर वरचा बोल्ट हलेना, तर गाडी जागची हलणार नाही. निघालेले तेल मापाने मोजा आणि तितकेच नवे घाला. नटाचा वॉशर नवा घाला. तळाशी चुंबक असेल तर त्यावरचा करडा, मऊ लेप ही नेहमीची झीज होय; धातूचे कपचे दिसले तर मात्र जाणत्या मिस्त्रीला गाठा. मग एंजिन चालू करून, ब्रेक दाबून, गिअर एकेक करून सर्व जागी फिरवा आणि पातळी पाहा. पुष्कळ गाड्यांत ती एंजिन चालू ठेवून पाहतात, होंडाच्या गाड्यांत बंद केल्यानंतर लगेच. येथेही पुस्तिकेचेच ऐका.

एका वेळी सगळे तेल निघत नाही, कारण बरेचसे आतल्या जोडणीत अडकून राहते. समजा, एकूण सहा लिटरांपैकी तीन निघाले, तर तेल निम्मे नवे झाले. काही दिवसांनी पुन्हा केले की पाऊण, तिसऱ्यांदा केले की आठांत सात भाग नवे.

‘तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला,’ असेही आपण ऐकतो. पुष्कळदा गाडी आधीच घसरू लागलेली असते, म्हणून तेल बदलतात. शेवटच्या घटकेला आलेल्या वैद्यावर मृत्यूचा दोष यावा, तसे ते होते. झिजलेल्या प्लेटा नव्या तेलाने भरून येत नाहीत.

आता काढलेल्या तेलाचे काय? गटारात ओतले की ते नदीत जाते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकली आहे. झाकणबंद डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या.

मित्रहो, मिस्त्रीचे काम घरी करून त्याच्या पोटावर पाय द्या, असे मी सांगतो आहे काय? नाही. हे काम एकदा आपल्या हाताने करा, एवढेच माझे मागणे आहे. तासभर गाडीखाली उताणे पडा, कोपरापर्यंत तेल ओघळू द्या, न हलणाऱ्या नटाशी झुंजा. मग पुढच्या वेळी मिस्त्रीशी मजुरीची घासाघीस करताना आपली जीभ अडखळेल. त्याच्या हाताखालचा पोरगा उघड्या हातांनी जळके तेल पुसताना दिसला, तर हातमोजे का नाहीत, असे आपण मालकाला विचाराल. ज्याला काम कळते त्याला कोणी फसवू शकत नाही, आणि तोही कोणाची मजुरी बुडवू शकत नाही.

आजन्म असे काही नसते, तेल नसते आणि कामगाराचे अंगही नसते. दोहोंची निगा वेळेवर घ्यावी लागते.